सहलीचा माणशी भाव आणि त्यात न दिसणारी कमाई

दिवाळी संपली की नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या वॉट्सॲप ग्रुपवर सहलींची पत्रकं यायला लागतात. डिसेंबरातलं केरळ, मे महिन्यातलं काश्मीर, अक्कलकोट-गाणगापूर-तुळजापूर, काशी-अयोध्या, आणि बारा महिने चालणारं अष्टविनायक. पत्रकावर सगळ्यात मोठ्या अक्षरात एक आकडा असतो आणि त्याच्यापुढे ‘माणशी’. लोक तोच आकडा वाचतात, तोच पुढे पाठवतात आणि त्यावरूनच दोन एजंटांची तुलना करतात. मी याच धंद्यात आहे, अशी पत्रकं मीही काढतो. तरी माझं ठाम मत आहे की या एकट्या आकड्यावरून ग्राहकाला कामाचं काहीच कळत नाही. एजंटाला मात्र आपली कमाई कुठेही दडवायची मोकळीक मिळते. गट सहलीचा भाव सरळ असायचा असेल तर पत्रकावर आणखी दोन गोष्टी लिहिलेल्या हव्यात. एजंटाचा मेहनताना किती, आणि हा भाव किती माणसं धरून काढलेला आहे.

नेरुळ, कोपरखैरणे, खारघर, कामोठे, नवीन पनवेल अशा नोडांमध्ये हा धंदा बहुतेक एकट्याच्या किंवा नवरा-बायकोच्या बळावर चालतो. स्टेशनजवळच्या कॉम्प्लेक्समधला छोटा गाळा, नाहीतर घरातलाच एक कोपरा. तिकिटं, पासपोर्टचे फॉर्म, व्हिसा यांवर महिन्याचा खर्च भागतो. हातात चार पैसे राहतात ते गट सहलींतून. आणि इथली वस्ती गट सहलीला अगदी जुळणारी आहे. सिडकोने १९७० नंतर वसवलेल्या या शहरात सातारा, सांगली, कोकण, खानदेश इथून आलेली कुटुंबं एकेका सोसायटीत वीस-पंचवीस वर्षं शेजारी राहिली, मुलं मोठी झाली, माणसं निवृत्त झाली. ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, भजनी मंडळं आहेत, सकाळी चालायला जाणारे कट्टे आहेत. एकाने ठरवलं की बाराजण तयार होतात. हा विश्वास आयता मिळतो म्हणूनच भाव काढताना त्याची जबाबदारी जास्त आहे.

भाव निघतो कसा, ते अष्टविनायकाच्या दोन दिवसांच्या सहलीवरून दाखवतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून ठोकळ घेतले आहेत, पण हिशेबाची रीत हीच असते. सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर. वाशीहून निघून महड, पाली, थेऊर, मोरगाव, सिद्धटेक, रांजणगाव, ओझर, लेण्याद्री करून परत यायचं म्हणजे साडेसहाशे-सातशे किलोमीटर. डिझेल, टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता धरून गाडी समजा २४,००० रुपयांना पडली. रात्रीच्या मुक्कामाची खोली दोघांत १,६०० रुपये, म्हणजे माणशी ८००. दोन नाश्ते, तीन जेवणं, चहा मिळून माणशी ९००. म्हणजे प्रत्येक माणसामागे १,७०० रुपये लागतात, माणूस आला तरच. गाडीचे २४,००० आणि सोबत जाणाऱ्या एजंटाच्या स्वतःच्या राहण्याखाण्याचे १,७००, असे २५,७०० मात्र माणसं किती का येईनात, लागणारच.

आता एक सीट एजंटाची धरली तर पैसे भरणारे उरले सोळा. सोळाही जागा भरल्या तर २५,७०० चे माणशी साधारण १,६०६ होतात, त्यात १,७०० मिळवले की ३,३०६. इथे एजंटाला एक रुपयाही सुटत नाही. बाजारात हीच सहल ३,३०० रुपयांना विकणारी पत्रकं फिरत असतात. बाराच माणसं आली तर त्या भावात ६,५०० रुपयांचा खड्डा पडतो. भाव ४,२०० ठेवला तर अकरा माणसांना सहल जेमतेम तरते, बारांना ४,३०० रुपये सुटतात आणि सोळांना १४,३००. पहिलं पत्रक, फोनाफोनी, हॉटेलशी बोलणी, दोन दिवस पहाटे चारपासूनची धावपळ, परत आल्यावरचा हिशेब, या सगळ्याचा मोबदला या फरकातून निघतो. सतरावा पैसे भरणारा आला तर आणखीच पंचाईत, कारण त्याच्यासाठी मोठी गाडी काढावी लागते आणि सगळं गणित नव्याने मांडावं लागतं. तरी ‘अजून एकच आहे हो, आमची मावशी, घ्या ना ॲडजस्ट करून’ हा फोन दर सहलीला येतोच. ड्रायव्हरशेजारी मधल्या जागेत मावशींना बसवणारे आहेत. मी त्याला नकार देतो, कारण रात्रीच्या घाटात त्या जागेवर बसलेल्या माणसाचा जीव धोक्यात असतो.

मग ३,३०० चं पत्रक काढणारा जगतो कसा? हा प्रश्न ग्राहकाने विचारायला हवा, पण तो सहसा विचारला जात नाही. अष्टविनायकात उत्तर साधं असतं. खोलीत दोनाऐवजी चारजण, जेवणाच्या तीन वेळांतली एक ‘स्वखर्चाने’, आठ गणपतींपैकी दोन दर्शनं धावतपळत. लांबच्या सहलीत उत्तर जास्त गुंतागुंतीचं होतं. काश्मीरला शालीचं दुकान, केरळात मसाल्याचं, जयपूरला खड्यांचं, बँकॉकला रत्नांचं. दीड तासाची एक थांबण्याची जागा, आणि दुकानदाराकडून झालेल्या विक्रीवर गाडीवाल्याला, गाइडला, एजंटाला मिळणारा वाटा. त्या वाट्याने पत्रकावरचा खालचा भाव भरून निघतो. पर्यटकाला वाटतं स्वस्तात सहल झाली. प्रत्यक्षात त्याने शालीच्या किमतीत सहलीचे पैसे भरलेले असतात, आणि डाल लेकच्या काठावर घालवायचा दीड तास तो दुकानात घालवून आलेला असतो. पैशापेक्षा मला हा वेळ जास्त सलतो. आयुष्यात एकदा काश्मीर बघायला आलेल्या माणसाचा तो वेळ त्याला न विचारता विकलेला आहे.

याला आळा घालता येत नाही असं नाही. चीनमध्ये हा प्रकार इतका वाढला होता की जवळजवळ फुकट सहली निघत आणि सगळी वसुली दुकानांतून होई. १ ऑक्टोबर २०१३ पासून तिथे लागू झालेल्या पर्यटन कायद्याच्या पस्तिसाव्या कलमाने अवाजवी कमी भावात गट जमवून खरेदीच्या दलालीतून पैसे काढायला सरळ बंदी घातली. थायलंडनेही २०१६ मध्ये अशा सहली चालवणाऱ्यांवर कारवाई केली. कायद्याने प्रश्न पुरता सुटला असं मी म्हणत नाही. पण अति स्वस्त भाव हीच ग्राहकाची फसवणूक असू शकते हे एका देशाने कायद्याच्या पुस्तकात लिहिलं, ही गोष्ट लहान नाही. आपल्याकडे स्वस्त म्हणजे ग्राहकाच्या फायद्याचं, हे अजून कोणी तपासूनच पाहत नाही.

भाव दडवायची दुसरी जागा म्हणजे पत्रकाच्या शेवटच्या पानावरची ‘यात समाविष्ट नाही’ ही यादी. पहलगामला बाहेरची गाडी आरू किंवा बेताब व्हॅलीत जाऊ शकत नाही, तिथल्या युनियनची टॅक्सी करावी लागते. गुलमर्गचा गोंडोला वेगळा. मनालीहून रोहतांगला परवाना लागतो, गंगटोकहून नथुलाला लागतो. केदारनाथला गौरीकुंडापासून सोळा किलोमीटरची चढण आहे. घोडा, पालखी की हेलिकॉप्टर यावर एका माणसाचा खर्च कुठल्या कुठे जातो. हे खर्च वेगळे ठेवण्यात गैर काही नाही, कारण सगळ्यांना घोडा नको असतो. गैर आहे ते हे की ज्याच्याशिवाय सहल होऊच शकत नाही तो खर्चही त्याच यादीत टाकून पुढचा आकडा बारीक करायचा. पहलगामला जाणाऱ्या शंभरातले नव्वदजण युनियनची टॅक्सी करणारच आहेत. ती भावात धरली पाहिजे. माझी कसोटी सरळ आहे. जो खर्च गटातला जवळजवळ प्रत्येकजण करणार आहे तो आत, आणि ज्यात खरोखर निवड आहे तो बाहेर, पण अंदाजे रकमेसकट.

मराठी माणसाला गटाने फिरायची सवय लागली तीही सगळा खर्च आत धरलेल्या भावामुळेच. १९८४ साली केसरी पाटील यांनी ‘केसरी’ सुरू केली, पुढे २०१३ मध्ये वीणा पाटील यांनी ‘वीणा वर्ल्ड’ काढली. वर्तमानपत्रांतल्या मोठमोठ्या जाहिराती सगळ्यांना आठवतात. पण या कंपन्यांचं खरं काम मला वेगळंच वाटतं. जेवण, प्रवेशशुल्क, मराठी बोलणारा टूर मॅनेजर, सगळं धरून एक रक्कम सांगायची आणि वाटेत पाकिटाला फारसा हात लावू द्यायचा नाही, ही रीत त्यांनी रुळवली. परदेशात जाऊन कुठे किती द्यायचे या धास्तीने घरी बसलेला मध्यमवर्ग त्यामुळे बाहेर पडला. याचं मूळ फार जुनं आहे. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुकने लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसं रेल्वेने नेली ती माणशी एक शिलिंग घेऊन. आधी सगळं ठरवून, सगळ्यांचं एकत्र मोल करून, प्रत्येकाला एकच आकडा सांगायचा, ही कल्पना तिथून आलेली आहे. त्या एका आकड्यात माणसाला निर्धास्त करायची ताकद आहे, म्हणून त्याचा दुरुपयोग जास्त खुपतो.

आमच्यासारख्या नोडातल्या एजंटाची चूक इथे होते. मोठ्या कंपनीच्या जाहिरातीतला आकडा तो घेतो आणि त्याच्यापेक्षा दोन हजार कमी लिहितो. पण मोठ्या कंपनीच्या एकाच महिन्यात त्याच मार्गावर अनेक तुकड्या सुटतात, हॉटेलच्या खोल्या हंगामभरासाठी घेतलेल्या असतात, बस चाळिसाची भरते. बारा माणसांची गाडी नेणाऱ्याला ते दर मिळणारच नाहीत. त्याच्याजवळ जे आहे ते वेगळं आहे. तो सोसायटीच्या गेटपर्यंत गाडी आणतो. कोणाला मधुमेह आहे आणि कोणाला जिना चढवत नाही, हे त्याला आधीच माहीत असतं. चारधामला निघताना सोबत आचारी आणि शिधा घेतो, म्हणून बडकोटला रात्री आठ वाजता गरम भाकरी-पिठलं मिळतं. आता उलवे-पनवेलजवळचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. खारघरच्या माणसाला पहाटेच्या विमानासाठी रात्री दोनला उठून सांताक्रूझ गाठायची गरज प्रत्येक वेळी राहिलेली नाही. गटाला कुठल्या विमानतळावरून न्यायचं, तिकिटातली वाढ आणि बसभाड्यातली बचत यांचा मेळ कसा घालायचा, हे इथल्या एजंटाला जितकं नेमकं कळेल तितकं दुसऱ्या कोणाला नाही. या जाणकारीचे पैसे त्याने मागावेत. तीच लपवून तो स्वतःला स्वस्तातली नक्कल म्हणून विकतो, याचं मला वाईट वाटतं.

करांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिथेही भाव झाकला जातो. राहणं आणि प्रवास एकत्र विकणाऱ्या टूर ऑपरेटरला ५ टक्के जीएसटी लागतो तो पूर्ण रकमेवर, त्याच्या नफ्यावर नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्याला नोंदणीची सक्ती नाही, आणि ही उलाढालही सहलीच्या पूर्ण रकमेनेच मोजली जाते. म्हणजे ४,२०० रुपयांची सहल वर्षात पावणेपाचशे माणसांना विकली की मर्यादा संपली. नोंदणी केलेला एजंट ४,४१० सांगतो, न केलेला ४,२००. ग्राहकाला वाटतं पहिला महाग आहे. परदेशी पॅकेजवर १ ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा कर, आला. तो ग्राहकाच्या आयकरात जमा होणारा पैसा आहे, सहलीचा खर्च नाही. पण ज्या निवृत्त जोडप्याचं उत्पन्न करपात्रच नाही त्यांना तो परत मिळवायला विवरणपत्र भरावं लागतं, आणि हे त्यांना एजंटाशिवाय कोणी सांगत नाही. उलटी बाजूही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या हॉटेलखोल्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ज्या दिवाळी सहली त्याआधी विकल्या होत्या त्यांतला हा फरक किती प्रवाशांपर्यंत पोचला? भाव एकाच आकड्यात बंद असला की हा प्रश्न कोणाला सुचतही नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. माझे सहकारी म्हणतात, मेहनताना वेगळा लिहिला की गिऱ्हाईक नेमका त्यावरच घासाघीस करणार. हॉटेलचे पैसे कमी करा असं कोणी म्हणत नाही, तुमचे कमी करा असं सगळे म्हणतात. हे खरं आहे, मला रोज ऐकावं लागतं. दुसरा आक्षेप याहून बोचरा. सगळं मांडून दाखवलं की गिऱ्हाईक तोच कार्यक्रम घेऊन घरी जातो, मोबाइलवर स्वतः हॉटेलं बुक करतो आणि आपल्याला रामराम ठोकतो. हेही घडतं.

तरी माझं मत बदलत नाही. घासाघीस आजही होतेच, फक्त आंधळी होते. गिऱ्हाईक ‘पाचशे कमी करा’ म्हणतो, एजंट ‘बरं’ म्हणतो, आणि ते पाचशे कुठून काढायचे हे एजंट एकटा ठरवतो. हॉटेल एक पायरी खाली जातं, एक जेवण कमी होतं, एक दुकान वाढतं. मेहनताना उघड असेल तर एजंट सांगू शकतो, ‘माझे तीनशे कमी करतो, पण हॉटेल तेच राहील.’ किंवा नाही म्हणू शकतो. दोघांनाही काय सोडलं ते कळतं. कार्यक्रम घेऊन जाणाऱ्याबद्दल म्हणाल, तर आखणीचे पैसे आधी घ्यावेत आणि सहल बुक झाली तर ते वळते करून घ्यावेत. जो त्यानंतरही स्वतः बुक करतो तो आपल्या कामाचे पैसे देऊन गेलेला असतो. आणि खरं सांगायचं तर एकटा माणूस स्वतः बुक करू शकतो, पण पंधरा जणांचं एकत्र बुकिंग, दोन शाकाहारी, एक उपवासाचा, तिघांना खालची बर्थ, एकाचं आधार कार्डावरचं नाव वेगळं, हे सांभाळायला लोकांना दुसरं कोणीतरी हवंच असतं.

माणसांच्या संख्येचंही तसंच. लग्नाच्या जेवणाचा ठेका देताना केटरर किमान ताटांची हमी मागतो, अडीचशेच्या खाली माणसं आली तरी अडीचशेचे पैसे लागतील म्हणतो, आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. सहलीत मात्र एजंट हा धोका एकट्याच्या अंगावर घेतो आणि मग तो कुठेतरी चोरून ग्राहकाच्या अंगावर टाकतो. त्यापेक्षा पत्रकावरच लिहावं. बारा माणसं आली तर हा भाव, चौदा आली तर हा, सोळा भरली तर हा. आधी बाराचा भाव घेऊ आणि गाडी भरली तर फरक सहलीनंतरच्या आठवड्यात परत करू. वरच्या अष्टविनायकाच्याच हिशेबात बारांना ४,२०० भाव धरून एजंटाला ४,३०० सुटतात. सोळा झाल्यावर माणशी ३५० रुपये परत केले तरी ५,६०० जाऊन त्याच्याकडे ८,७०० उरतात. म्हणजे बारांपेक्षा दुप्पट. गटाला स्वस्त पडतं, एजंटाला जास्त मिळतं, आणि चार नवी माणसं आणायला गटातलेच लोक फोन करायला लागतात. हे सोसायटीच्या ओळखीत चालतं, अनोळखी गर्दीत चालेलच असं नाही. शेवटच्या दिवशी दोघे गळाले तर काय, याचं उत्तर आधी ठरलेलं हवं. गळणाऱ्याने आपल्या वाट्याचा गाडीखर्च सोसायचा, बाकीच्यांचा भाव वाढणार नाही.

इथून रद्द करण्याच्या शुल्काचा विषय निघतो, आणि मला तो भावाचाच भाग वाटतो. दहा किंवा त्याहून जास्त प्रवाशांसाठी विमान कंपनी ग्रुप फेअर देते, पण आधी अनामत घेते आणि न वापरलेल्या जागांचे पैसे सहसा सुटत नाहीत. हॉटेल हंगामात पूर्ण रक्कम आगाऊ मागतं. एजंटाचे पैसे सहल सुरू होण्याच्या कितीतरी आधी दुसऱ्यांच्या खात्यात गेलेले असतात. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचं उड्डाण थांबलं, ३ मे २०२३ ला गो फर्स्टचं. दोन्ही वेळा ऐन उन्हाळी हंगाम होता. मग २२ एप्रिल २०२५. पहलगामच्या बैसरनमध्ये दहशतवाद्यांनी पर्यटकांना वेचून मारलं. महाराष्ट्रातली सहा माणसं गेली, त्यांतले एक पनवेलचे होते. त्या रात्री इथल्या कितीतरी घरांतून फोन सुरू झाले. कोणाची माणसं श्रीनगरात होती, कोणाची आठवड्याने निघणार होती. मे महिन्यात काही दिवस श्रीनगरचा विमानतळच बंद राहिला. काश्मीरच्या सहली रद्द झाल्या आणि पैशाचा प्रश्न उभा राहिला. हॉटेलवाला म्हणे पुढच्या वर्षी वापरा, प्रवासी म्हणे रोख परत द्या, आणि मध्ये एजंट.

अशा वेळी कोणी किती सोसायचं हे आधी कुठेही लिहिलेलं नव्हतं. पत्रकामागे छापलेला तक्ता होता: निघण्याआधी तीस दिवस रद्द केलं तर इतके टक्के, पंधरा दिवस आधी इतके. हा तक्ता ग्राहकाने माघार घेतली तर लागू करायचा असतो, आभाळ कोसळलं तर नाही. आणि ग्राहकाने माघार घेतली तरी त्याला कायद्याची मर्यादा आहे. १८७२ च्या करार कायद्याचं ७४ वं कलम वाजवी भरपाईपलीकडे जाऊ देत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही, झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारा करार अन्यायकारक ठरवला आहे. रद्द झालेल्या सहलीतून कमाई करणारे एजंट मला माहीत आहेत. हॉटेलने सगळे पैसे परत केले तरी ग्राहकाला तक्ता दाखवतात. माझ्या मते प्रत्यक्षात गेलेला पैसा आणि ठरलेला मेहनताना, याहून एक रुपया जास्त कापू नये, आणि कापला तो पावत्यांसह दाखवावा. इथेही मेहनताना आधी उघड लिहिलेला असला तरच हे शक्य होतं.

युरोपने यावर खोलवर विचार केलेला दिसतो. युरोपीय संघाच्या २०१५ च्या पॅकेज प्रवास निर्देशानुसार बुकिंगनंतर भाव वाढवायचा तर इंधन, कर किंवा चलनदर एवढीच कारणं चालतात. निघायच्या वीस दिवस आधीपर्यंतच वाढवता येतो, आणि वाढ आठ टक्क्यांच्या वर गेली तर प्रवाशाला काहीही न भरता माघार घेता येते. त्याच कारणांनी खर्च उतरला तर भाव उतरवावाही लागतो. ब्रिटनमध्ये १९७३ पासून विमानाने जाणाऱ्या सहलींसाठी एटॉल नावाची हमी आहे. दर प्रवाशामागे अडीच पौंड एका निधीत जातात. २३ सप्टेंबर २०१९ ला तिथली थॉमस कुक बुडाली (भारतातली त्याच नावाची कंपनी तोवर वेगळी झालेली होती) तेव्हा अडकलेल्या दीड लाखांवर प्रवाशांना घरी आणलं गेलं आणि पुढच्या सहलींसाठी पैसे भरलेल्यांना ते परत मिळाले. त्याच वर्षी आपल्याकडे मुंबईची कॉक्स अँड किंग्ज दिवाळखोरीत गेली. आगाऊ पैसे भरलेल्या प्रवाशांसाठी असा कुठलाही निधी नव्हता. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची टूर ऑपरेटरांना दिली जाणारी मान्यता ऐच्छिक आहे, आणि ग्राहकाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याची सक्ती छोट्या-मोठ्या कोणावरच नाही. एका गटाच्या आगाऊ रकमेतून मागच्या गटाची बिलं फेडणारा एजंट आज कुठलाच नियम मोडत नाही. एजंटांच्या संघटना कमिशन वाढवून मागतात, विमान कंपन्यांशी भांडतात. माणशी पन्नास रुपयांचा असा निधी मागण्यासाठी त्यांनी सरकारच्या मागे लागावं असं मला मनापासून वाटतं. पत्रकावर ती एक ओळ वाढली तर भाव महाग दिसेल, पण भरवसा वाढेल.

शेवटी एक प्रश्न उरतो आणि त्याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. माणशी भाव म्हणजे सगळ्यांना सारखा भाव, असं आपण धरून चालतो, पण गटात कोणीतरी नेहमी दुसऱ्याचे पैसे भरत असतं. तिसरा माणूस जादा गादीवर झोपतो आणि थोडं कमी देतो, तरी त्याच्यामुळे खोली तिघांत स्वस्त पडते ती बाकी दोघांना. पुढची सीट एकालाच मिळते. आणि सगळ्यात जास्त भरते ती एकटी आलेली बाई. नवरा गेलेला, मुलं पुण्याला किंवा अमेरिकेत, भिशीतल्या मैत्रिणींबरोबर काशीला निघालेली. मैत्रिणी जोडप्याने आलेल्या, त्यामुळे हिच्या खोलीत कोणी नाही, आणि पत्रकावर ‘सिंगल ऑक्युपन्सी’चे आठ-दहा हजार जादा. हिशेबाने ते बरोबर आहे. हॉटेल तिच्याकडून अख्ख्या खोलीचे पैसे घेतं, मग ती रक्कम जाणार कुठे?

महिला विशेष सहली निघाल्या, खोलीला जोडीदारीण शोधून द्यायची पद्धत आली, त्याने बऱ्याचजणींची सोय झाली. पण सत्तरीतल्या बाईला रात्री अनोळखी माणसाबरोबर खोली नको असते, आणि ते मला पटतं. अशा वेळी मी जादा रकमेतला निम्मा भाग तिच्याकडून घेतो आणि उरलेला सगळ्या गटावर वाटतो. सोळाजणांत तो माणशी अडीचशे-तीनशे रुपये होतो. पत्रकावर ती ओळ मी वेगळी लिहितो, बाईंचं नाव न घालता, ‘एकट्या प्रवाशांच्या खोलीसाठी गटाचा वाटा’ म्हणून. काहीजण विचारतात की आम्ही का द्यायचे. त्यांना मी सांगतो की पटत नसेल तर ही ओळ वगळून तुमचा भाव देतो, तेवढे माझ्या मेहनतान्यातून जातील. आजवर ती ओळ वगळायला सांगणारे थोडे निघाले. बहुतेकांनी पुढचा प्रश्न विचारला तो बसमधल्या खिडकीच्या जागेचा.